सात दिवसांचा मांडव : वनातील शिबिरातून एक धडा

शास्त्रवाचन : लेवीय २३:३३-४३; अनुवाद १६:१३-१५; नहेम्या ८:९-१८; योहान ७:३७-३९





परीक्षा संपत आल्या की आमच्याकडे निरनिराळ्या मंडळ्यांतून विचारणा सुरू होते. "आमच्या तरुण संघाला तीन दिवस मेळघाटात न्यायचे आहे. राहण्याची सोय काय? पंखा आहे का? शौचालय कसे आहे? मुलींसाठी वेगळी खोली मिळेल का? मोबाईलला रेंज येते का?" प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यांची मुले घेऊन वनात जायचे, तर हे विचारलेच पाहिजे. या धड्यात त्यांची उत्तरे दिली आहेत. पण गेल्या वर्षी अशाच एका शिबिरात आमच्या हातून एक चूक झाली आणि एका रात्री एक बाप आमच्या दाराशी आला. त्या दोन गोष्टींमुळे आम्हांला पवित्र शास्त्रातील एक जुना सण नव्याने वाचावा लागला. म्हणून आरंभ त्या सणापासून करू.

मांडवांचा सण

लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलाला वर्षाचे सण नेमून दिले. त्यांतला शेवटचा मांडवांचा. सातव्या महिन्यात, पीक घरात आल्यावर, लोकांनी झाडांच्या फांद्या आणून मांडव घालावेत आणि सात दिवस त्यांत राहावे, अशी आज्ञा होती. कारणही तेथेच सांगितले आहे. मिसरातून बाहेर आणल्यावर देवाने त्यांच्या पूर्वजांना मांडवांत राहविले होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे.

येथे वेळ लक्षात घ्या. खळे झालेले, द्राक्षकुंडे भरलेली, कोठारात धान्य, अशा भरल्या घरातून बाहेर पडून पानांखाली झोपायचे. ज्याच्या डोक्यावर पक्के छप्पर आहे, त्याने ते छप्पर आपल्या कर्तबगारीचे नव्हे, देवाच्या कृपेचे आहे, हे अंगाने अनुभवून आठवायचे.

अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. या सणाच्या आनंदात आपली मुलेबाळे, दासदासी, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनाही सामील करून घ्यायचे होते. म्हणजे मांडवात राहणे ही एका कुटुंबाची सहल नव्हती. नहेम्याच्या आठव्या अध्यायात, बंदिवासातून परतलेल्या लोकांनी हा सण पुन्हा पाळला. त्याच्या थोडे आधी, ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा, असे लोकांना सांगितले गेले होते. या दोन गोष्टी, मांडव आणि वाटा, मनात ठेवून आता वनाकडे वळू.

आपण कोठे जातो

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत चिखलदरा आणि धारणी हे तालुके आहेत. खांडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या येथून निघून तापीला मिळतात. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. नदीच्या नावावरूनच काठचे वन ओळखता येते. सागाबरोबर ऐन, धावडा, तेंदू, मोह, चारोळी आणि बांबू आहे. वाघ, बिबट, अस्वल, गवा, सांबर आणि रानकुत्रे यांचे हे घर. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता.

याच वनात रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. १८८४ नंतर ते कोणाच्या खात्रीलायक पाहण्यात आले नव्हते आणि नामशेष झाले असे समजले जाई. १९९७ साली ते नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडले, आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. ११३ वर्षे माणसाला दिसले नाही, तरी निर्माणकर्त्याच्या लेखी ते होतेच. तरुणांना ही गोष्ट जरूर सांगावी.

पण मेळघाट आधी कोरकू लोकांचे आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, दूरच्या संथाळी आणि मुंडारीची बहीण आहे. १९०३ साली मिशनरी जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. व्याकरण लिहायचे तर माणसाला आधी पुष्कळ काळ गप्प बसून ऐकावे लागते. वनात जाणाऱ्या प्रत्येक गटाने एवढा कित्ता गिरवला तरी पुष्कळ झाले.

निवास आणि सोयी

वनविभागाचे सेमाडोहसारखे पर्यटन संकुल सिपनेच्या काठी आहे. तेथे कुटी, मोठ्या गटासाठी सामायिक निवास आणि निसर्गाची माहिती देणारे केंद्र आहे. याखेरीज गावांशेजारी काही साधी शिबिरस्थळे असतात. आम्ही गेलो ते अशांपैकी एक, एका कोरकू गावाला लागून.

दोन लांब खोल्या, एक मुलांची व एक मुलींची. कुडाच्या भिंती, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन. लोखंडी खाटा आणि प्रत्येक खाटेला मच्छरदाणी. पंखा नाही. सौर दिवा रात्री दहापर्यंत पुरतो, पुढे ज्याची त्याची विजेरी. शौचालये चार, स्वच्छ, पण पाणी बादलीने न्यायचे. न्हाणीघरे दोन. स्वयंपाकघर गावातल्या महिलांच्या बचतगटाकडे. चुलीवरची ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, ठेचा आणि एके दिवशी कुटकीचा भात. कुटकी हे बारीक दाण्याचे डोंगरी धान्य आमच्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि दुसऱ्यांदा मागून खाल्ले.

मोबाईलला रेंज नव्हती. ती दोन किलोमीटरवरच्या टेकाडावर जाऊन शोधावी लागे.

दिवसाचा क्रम

पहाटे साडेपाचला उठणे, मग अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने शांत बसून मनन करणे. सहाला गावातल्या वाटाड्या काकांबरोबर पायी फेरी. न्याहारीनंतर शास्त्राभ्यास, दुपारी उन्हात विश्रांती, चार वाजता गावासोबत काही काम किंवा खेळ, सूर्यास्ताला उपासना, आठला जेवण, साडेनऊला दिवे बंद.

वाटाड्या काका शाळा चौथीपर्यंत शिकलेले. पण धुळीत उमटलेल्या पावलावरून सांबर किती वेळापूर्वी गेले, कोणत्या झाडाच्या सालीवर अस्वलाने नखे मारली, माकडाने 'खर्र' केले म्हणजे बिबट कोणत्या बाजूला असावा, हे त्यांना पुस्तकासारखे वाचता येई. आमच्यातला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणाला, "काका, तुम्ही हे शिकलात कुठे?" काका हसले आणि म्हणाले, "बापामागं चालून."

तो मोहाचा हंगाम होता. मोहाची फुले रात्री उशिरा गळू लागतात, म्हणून बायका आणि मुले उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. मोह म्हटले की आपल्याला दारू आठवते. पण वाळवलेले मोह घरात खाण्यासाठी ठेवतात, बियांचे तेल निघते, आणि उन्हाळ्यात हातात येणारा रोख पैसा पुष्कळदा याच फुलांचा असतो. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून कधी वणवाही लागतो. म्हणून आता झाडाखाली जाळी अंथरण्याचा उपाय सांगितला जातो. आमच्या मुलींनी एका सकाळी तीन तास फुले वेचली. कंबर धरून उठल्या तेव्हा टोपली अर्धी झाली होती.

टाकीचे पाणी

आता आमची चूक. पहिल्या दिवशी प्रवासाची धूळ, एप्रिलचा उकाडा आणि बत्तीस जण. मुलांनी शहरात करतात तशी आंघोळ केली, कपडेही धुतले. टाकी रिकामी झाली. व्यवस्था पाहणाऱ्या दादांना सांगून ती पुन्हा भरून घेतली. संध्याकाळी तीही संपली. कोणाला काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातल्या बायका नळापाशी रिकामे हंडे घेऊन बसलेल्या दिसल्या. गावच्या विहिरीवर एकच सौर पंप आहे. त्याच पाण्यावर शिबिराची टाकी आणि गावचा नळ चालतो. ऊन वर येऊन पंप चालेपर्यंत नळाला पाणी नव्हते, कारण गावाच्या वाट्याचे पाणी आदल्या दिवशी आम्ही अंगावर ओतले होते.

कोणी भांडायला आले नाही. एक आजी दुसरीला म्हणाल्या ते आमच्यातल्या एका बहिणीने ऐकले. "पाहुणे हायेत. दोन दिवसानं जातीन."

त्या सकाळी शास्त्राभ्यासाला योहानाचा सातवा अध्याय घेतला. प्रभू येशू मांडवांच्या सणासाठी यरुशलेमेत आला होता आणि सणाच्या शेवटच्या दिवशी त्याने तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावले. आम्ही त्याच्या नावाने आलो होतो आणि गावाला तहानेले ठेवले होते. त्या दिवसापासून माणशी एक बादली ठरली. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दूरच्या हातपंपावरून पाळीपाळीने डोक्यावर आणले. आमच्या पाळकांनी बचतगटाच्या बायकांजवळ जाऊन सर्वांच्या वतीने क्षमा मागितली. त्या ओशाळल्या, मग हसल्या आणि कोणाच्या डोक्यावरचा हंडा किती हिंदकळतो हे पाहण्यात त्यांची सकाळ मजेत गेली.

रात्री आलेला बाप

दुसऱ्या संध्याकाळी उपासनेत साक्षी झाल्या. एका तरुणाने मनापासून देवाचे आभार मानले : रेंज नाही, म्हणून इतकी शांतता मिळाली, अंधार आहे, म्हणून तारे दिसले. सर्वांनी आमेन म्हटले.

रात्री अकराच्या सुमारास दारावर थाप पडली. गावातला एक बाप, हातात विजेरी. "भाऊ, गाडी हाय का? पोराले लय ताप हाय." दीड वर्षाचे मूल. श्वास धापेसारखा, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. आमच्यात एक परिचारिका भगिनी होत्या. त्यांनी पाहताच सांगितले, थांबायचे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण तिला फोन करायचा तर टेकाडावर जायचे, आणि ती येईपर्यंत वाट पाहायची. आमची जीप उभी होती. आईबाप, मूल आणि आमच्या भगिनी निघाल्या. घाटातून आरोग्य केंद्र गाठायला सव्वा तास लागला. न्यूमोनिया होता. पाच दिवसांनी मूल बरे होऊन घरी आले. देवाची स्तुती असो.

पण सकाळी तो तरुण गप्प होता. मग म्हणाला, "काल मी ज्या दोन गोष्टींसाठी आभार मानले, त्याच दोन गोष्टींनी ते मूल गेले असते."

साधेपणा आणि उणीव

या धड्याचे सार त्या तरुणाच्या वाक्यात आहे. आपण तीन दिवस दिव्यावाचून राहतो, तो साधेपणा. तो आपण निवडतो, आणि कंटाळा आला की सोडून घरी येतो. मूल तापाने फणफणले असता ज्याच्याजवळ दिवा, फोन व गाडी नसते, त्याची ती उणीव. ती त्याने निवडलेली नाही. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. म्हणूनच शिबिरातून परतलेले कितीतरी लोक म्हणतात, "आदिवासी किती सुखी आहेत, त्यांना काहीच लागत नाही!" बंधुभगिनींनो, हे बोलणे प्रेमाचे वाटते, पण ते खरे नाही. १९९० च्या दशकात बालमृत्यूंमुळे मेळघाटचे नाव देशभर गेले. कोणतीही आई लेकरू गमावून सुखी नसते.

वनाच्या शांततेचीही किंमत कोणीतरी दिली आहे. वाघासाठी गाभा क्षेत्र मोकळे राहावे म्हणून या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड या गावांनी आपली जागा सोडली. पुढे आणखीही गावे हलली. वाघ वाचला पाहिजे यात शंका नाही. पण त्यासाठी ज्यांनी पूर्वजांची माती सोडली, त्यांची आठवण आपल्या प्रार्थनेत असावी. आदिवासींचे वनावरचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला. जेथे गावाला हा हक्क मिळून लोकांनी एकजुटीने वन राखले, तेथे फळही दिसले. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या, तेथील सीताफळे शहरात विकली जाऊ लागली, आणि २०१४ साली गावाला जैवविविधतेसाठी पुरस्कार मिळाला.

मांडवांचा सण आपल्याला दोन्ही शिकवतो. सात दिवस पानांखाली राहा, म्हणजे आपण देवाच्या आधारावर आहोत हे उमजेल. आणि त्याच सात दिवसांत परक्याला, अनाथाला, विधवेला आपल्या आनंदात घ्या. मांडवात राहून शेजाऱ्याचा वाटा विसरलो, तर तो सण राहत नाही.

आणखी एक. वनात परका कोण? अनुवादातील वचन वाचताना आपण नकळत स्वतःला यजमान समजतो. पण मेळघाटात परके आपण आहोत. घर त्यांचे, वाट त्यांची, पाणी त्यांचे. त्यांनी आपल्याला आत घेतले आहे. म्हणून तेथे दाता म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून जावे. चांगला पाहुणा जेवढे मिळेल तेवढ्यात राहतो, घरच्यांचे ऐकतो, आणि त्यांच्या अडचणीला धावून जातो.

जाणाऱ्या गटांसाठी सूचना

१. पाण्याची चौकशी आधी करा : कोठून येते, त्यावर आणखी कोण अवलंबून आहे. गट पंचवीसच्या आत ठेवा.

२. जमिनीवर झोपू नका. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत पुष्कळदा जाणवतही नाही. खाट आणि चोहोबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी यांमुळे साप व हिवताप दोन्ही टळतात. सकाळी बूट झटकून घाला. अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नका.

३. सर्पदंश झाल्यास जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. रुग्णाला धीर द्या, दंश झालेला अवयव हलू देऊ नका आणि थेट दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, ते दवाखान्यातच मिळते.

४. एक वाहन रात्रंदिवस शिबिरावर उभे ठेवा. जवळचे आरोग्य केंद्र पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. वाहन गावासाठीही आहे, हे गावाला सांगा.

५. ध्वनिक्षेपक नको. गीते टाळ, ढोलकी आणि गळ्याने गावीत, तीही दिवे बंद होण्याआधी.

६. वनातून काही तोडू नका, उचलू नका. आपला कचरा आपल्याबरोबर परत न्या. शेकोटी फक्त नेमलेल्या जागी. झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवा.

७. रस्त्यात मुलांना बिस्किटे, चॉकलेट वाटू नका. हात पसरण्याची सवय आपणच लावतो. देण्याची इच्छा असेल तर गावाला काय हवे ते विचारा. आम्ही विचारले, तेव्हा बचतगटाने मागितली ती मोहासाठी जाळी आणि नळाजवळ एक जादा टाकी. दोन्ही आता तेथे आहेत.

८. वाटाड्या आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचा मोबदला ठरला तेवढा, वेळेवर व हातात द्या. ते दान नव्हे, मजुरी आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. देवाने मांडवांचा सण सुगीनंतर का नेमला असावा? दुष्काळात नेमला असता तर त्याचा अर्थ कसा बदलला असता?

२. माझ्या घरातील कोणत्या सोयीचा भार दुसऱ्या कोणावर पडतो, आणि तो मला दिसत नाही?

३. ज्यासाठी मी देवाचे आभार मानतो, तीच गोष्ट शेजाऱ्याचे दुःख आहे, असे कधी घडले आहे का?

४. आपली मंडळी पाहुणा होऊन कोणाकडे जाऊ शकते?

प्रार्थनेचे विषय

उन्हाळ्यात दूरवरून पाणी वाहणाऱ्या माताभगिनींसाठी. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यांतील गरोदर मातांसाठी आणि बालकांसाठी. मेळघाटात राहून सेवा करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविकांसाठी. वनरक्षकांसाठी, विशेषतः वणव्याच्या दिवसांत. या सुटीत वनात जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी, त्यांनी तेथून केवळ छायाचित्रे आणू नयेत म्हणून.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आमच्या पूर्वजांबरोबर रानात राहिलास आणि तुझ्या पुत्राने आमच्यामध्ये वस्ती केली. आम्हांला थोडक्यात राहायला शिकव, आणि शेजाऱ्याची उणीव पाहून स्वस्थ न बसायलाही शिकव. येशूच्या नावात मागतो, आमेन.